रिपोर्ट येईपर्यंत भातच

अगं, तुला उठवलं नाही. फळातली साखर न पचण्याचा माझा आजार लेकीलाही आहे का, ते आज कळेल. लॅब उघडायला अवकाश आहे, पण घरात बसवेना, म्हणून निघालो.

मी येईपर्यंत तिला नुसता मऊ भात भरव. कुकर लावून ठेवलाय. तुझ्या ताईंनी तिच्यासाठी कुस्करलेलं केळं मी टाकून दिलं. चिडल्या तर माझ्यावर ढकल. लहानपणी केळं खाल्लं की मी ओकायचो आणि सगळे म्हणायचे, "नाटकं करतो मेला!" तिला तसं कुणी म्हणायला नको.

भाताला कंटाळेल म्हणतेस? मी कुठे कंटाळलो?

नाक तर माझंच घेतलंय तिने. तेवढ्यावरच भागू दे.