वस्तऱ्याची थाप

प्रिय धाकट्या,

तू नोकरीसाठी दूर आणि तुझा पोरगा माझ्याकडे, म्हणून लिहायला बसलो. आज दुपारी जेवून दुकानात आलो, तर हा आरशासमोर उभा राहून गुळगुळीत ओठावर वस्तरा फिरवत होता. ओठ कापला होता. वर्गातली पोरं त्याला 'बाळ' म्हणून चिडवतात.

"काका, वस्तरा फिरवला की मिसरूड फुटतं ना? तुम्हीच सांगता सगळ्यांना."

सांगतो खरा. तीस वर्षं कोवळ्या गिऱ्हाइकांना हीच थाप मारतोय. तुलाही मारली होती. तू दोन वर्षं रोज गाल खरवडलेस आणि मी हसत राहिलो. चुकलंच माझं.

रक्त पुसून त्याला खुर्चीत बसवलं. म्हटलं, "वस्तऱ्यानं काही उगवत नाही रे. मिशी, आवाज, उंची, सगळं ज्याच्या त्याच्या वेळेनं येतं. धीर धरवत नसेल तर डॉक्टरांना विचारू. तुझ्या बापाला सतरा पुरी होईपर्यंत काही नव्हतं."

"बाबांना? ते तर म्हणतात, तेराव्या वर्षी पिळदार मिशी होती!"

"त्यांनाच विचार," म्हटलं.

ओठाचं तुला कळू देणार नाही, असा त्याला शब्द दिलाय. म्हणून हे पत्र खणातच राहील. पण रविवारी फोनवर तो तुला विचारणार आहे. तेव्हा लाजू नकोस. सतरा म्हण.

तुझा,
दादा