पाच लायसन्सं सरस्वतीपुढे

ती. दोड्डम्मा यांना बंगळुरूहून सिंचनाचा नमस्कार.

घडले ते असे:
१. आमच्या गटातल्या बारा जणांसाठी सॉफ्टवेअरचे कोणते लायसन्स घ्यावे, याची तुलना माझ्याकडे आली.
२. मी तक्ता केला. 'धोका' या रकान्यात 'नाही' असे लिहिले.
३. पाच लायसन्सं घेतली गेली.
४. आज ऑफिसात एकही नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? यंदा दसऱ्याच्या बाहुल्यांच्या पायऱ्या किती मांडल्या?

दर माणशी वेगळे लायसन्स ही मला उधळपट्टी वाटली. फुकटचे सॉफ्टवेअर आमच्या जर्मन गिऱ्हाइकाला चालत नाही. उरला तिसरा मार्ग: पाच लायसन्सं सगळ्यांत मिळून, कामाला बसेल त्याने घ्यावे, उठताना सोडावे. एका वेळी पाचांहून जास्त लोक जागेवर नसतातच, बाकीचे कॉफीला असतात (हे मी आलेख काढून सिद्ध केले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कॉफीला गेले). शिवाय लायसन्स लॅपटॉपवर घरी नेता येते. मात्र ते त्याच लॅपटॉपवरून परत करावे लागते. हा नियम मीच सर्वांना वाचून दाखवला, दोनदा.

सणाला आम्ही पाच जण पाच लायसन्सं घेऊन गावी गेलो. सप्तमीला पाचही लॅपटॉप आपापल्या घरी पुस्तकांशेजारी सरस्वतीपुढे बसले. आता दशमीपर्यंत हात लावायचा नाही, आणि गिऱ्हाइकाला काम हवे नवमीला. मी लॅपटॉप शिमोग्यात ठेवून धावत परत आले. ऑफिसात एकटा चेंगप्पा होता (तो कोडगूचा, त्यांची शस्त्रपूजा महिन्यापूर्वीच उरकते). म्हणाला, "काय मॅडम, पाचही लायसन्सं माहेरपणाला गेली वाटतं? ओटी भरली की येतील ना?"

मी चौघांना फोन करून शास्त्रीय दृष्टिकोनावर बोलले. बरे बोलले, असे मला वाटते. उडुपीचे भट सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "पटलं मॅडम. आधी तुमचा उचला, मग आमचा." मी आवाज येत नसल्याचे सांगून फोन ठेवला.

माझी नोकरी कायम करायची की नाही, ते नागरत्ना मॅडम या कामावरून ठरवणार आहेत. त्यांनी एवढेच विचारले, "तक्ता तुझाच ना?"

बाकी सर्व ठीक.

तुमची,
सिंचना

ता. क. आमच्याकडे जाऊन तो लॅपटॉप उचलाल का? उघडून 'परत करा' हे बटण दाबायचे, बस्स. एका लायसन्सवर चेंगप्पा काम पुरे करील. आई थोरल्या बहिणीखेरीज, म्हणजे तुमच्याखेरीज, कोणाचे ऐकत नाही.

ता. क. २. लॅपटॉप आईने ठेवला असे तुम्हाला वाटेल. ती उलट म्हणत होती, "राहू दे गं, काम अडेल." मीच ठेवला. नोकरी कायम व्हावी म्हणून. आता ती म्हणते, "देवीकडे मागणं मागून ठेवलास, आणि मधेच उचलून तिची थट्टा करतेस?" यावरचे उत्तर तुमच्याकडेच असेल.

नवमीच्या सकाळपर्यंत कळवावे.