याफोच्या चर्चबाहेर थांबणाऱ्या आईंना

प्रिय आई,

उद्या नाताळ. सकाळी तुमचा लेक शमू म्हणाला, "उद्या याफोच्या चर्चला मी येतो तुझ्याबरोबर," आणि मला एकदम रडूच कोसळलं. तो बिचारा चहाचा कप हातात धरून नुसता बघत राहिला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. चुकलं कसलं! पण मी याफोला जायची ती तुमच्याबरोबर, तुमच्या त्या तपकिरी कोटाची बाही धरून. तुम्ही पेसाहच्या सणाच्या आठवड्यात गेलात. हा तुमच्याविना पहिलाच नाताळ. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला लिहावं, मगच बसमध्ये चढावं.

तुमच्याच खाटेवर बसून लिहितेय. बाहेर पाऊस आहे, आणि खालच्या मजल्यावरून कांदा परतल्याचा वास येतोय. आपल्या ओर्लीला सांगून ठेवलंय, जरा वेळ आईला हाक मारू नकोस.

आई, पहिल्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं? विमानतळावर मी साडीचा पदर सावरत उभी होते. नगरची ख्रिस्ती मुलगी, मुंबईला नर्स, आणि तुम्हा कोकणातल्या यहुदींच्या लेकाशी रजिस्टर लग्न केलेली. तुम्ही त्याआधीच इकडे इस्राएलला आलेल्या, लग्न तुम्हाला फक्त पत्रातून कळलेलं. मला वाटलं, आता तोंड फिरवणार. तुम्ही शमूला पोटाशी धरलंत, मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "उलट्या झाल्या गो विमानात? तिसरा लागलाय ना तुला?" शमूलासुद्धा मी तेव्हा सांगितलं नव्हतं! कसं ओळखलंत हो?

पण सगळंच काही सोपं नव्हतं. ओर्लीच्या वेळी मला सातवा सरत आला, तेव्हा किर्यात गातच्या या घरात, याच खिडकीशी तुम्ही मला बसवून घेतलंत. म्हणालात, "मार्था, तू आमच्यात ये. रब्बीकडे मी येते तुझ्यासंगती. आमच्यात पोराचा धर्म आईवरनं धरतात. नाय आलीस तर उद्या तुझ्या पोराला आमच्यात मोजणार नाय. लग्नाच्या टायमाला उभं करतील, विचारतील, आई कोण?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही सांगाल ते सगळं करीन. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, शनिवारी शाबातला चूल पेटवणार नाही. पण प्रभूला सोडायला सांगू नका."

तुम्ही उठून गेलात. पुढचे काही दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. शमू दोघींच्या मध्ये मांजरासारखा फिरायचा. मग एका सकाळी तुम्ही माझ्यापुढे चहा ठेवलात आणि उभ्याउभ्याच म्हणालात, "जी बाई देवाला सोडते, ती उद्या घराला पण सोडील. तू नाय सोडत, तर बरंय." पुन्हा तो विषय तुम्ही कधी म्हणजे कधी काढला नाहीत.

शेजाऱ्यांना मात्र तुम्ही पत्ता लागू दिला नाहीत! शेजारच्या सेरहबाईंनी विचारलं, तुमची सून शुक्रवारी शाबातचे दिवे का लावत नाही? "नगरची आहे ती." गळ्यात ती बारीक साखळी कसली? "नगरची आहे ती." जणू नगर म्हणजे चंद्रावरचं गाव! मला तेव्हा हसू यायचं, आणि खरं सांगू, थोडं लागायचंही. तुम्हाला माझी लाज वाटते की काय, असं वाटायचं. तुम्ही मला झाकत नव्हता, माझ्यावर मायेचं पांघरूण घालत होता, हे समजायला मला वेळ लागला.

मग युद्ध आलं. योम किप्पूरचा तुमचा कडक उपास, आणि दुपारी शमूला घ्यायला लष्कराची गाडी. ओर्ली तेव्हा रांगत होती. तो गेला आणि घरात आपण दोघी उरलो. तुम्ही त्या खोलीत दाविदाची स्तोत्रं म्हणायचात, मी या खोलीत. एके संध्याकाळी मी मध्येच अडखळले, तर तुम्ही भिंतीपलीकडून पुढची ओळ मराठीत सांगितलीत. मी थक्क झाले! तेच स्तोत्र, तेच शब्द. त्यानंतर आपण एकाच खाटेवर बसून म्हणायला लागलो. तुम्ही शेवटी "आमेन" म्हणायचात, मीही आमेन म्हणायचे. येशूचं नाव मात्र मी मनातच घ्यायचे. ते तुम्हाला कळत होतं ना?

युद्ध थांबलं असं रेडिओ सांगत होता, पण सुएझ कालव्याकाठी गोळ्या चालूच होत्या. शमूचं एक कार्ड आलं, मग कितीतरी दिवस काहीच नाही. जिन्यात अनोळखी लष्करी बूट वाजले की, वाईट खबर आली वाटून, तुमचा लाटण्यावरचा हात थांबायचा, माझा दवाखान्यातून घरी आणलेल्या इंजेक्शनच्या सुया उकळताना थांबायचा. बूट वरच्या मजल्यावर गेले की आपण एकमेकींकडे बघायचं टाळायचो. वर गेले म्हणून बरं वाटायचं, आणि त्याची लाज वाटायची, होय ना?

अशात नाताळ आला. आला म्हणजे काय, माझ्या मनात आला. आमच्या नगरला नाताळ म्हणजे घराघरावर कागदाची चांदणी, पहाटे टाळ-ढोलकीवर भजनं म्हणत वस्तीतून फिरणारी माणसं, आईच्या हातच्या करंज्या. आणि ज्या देशात प्रभू जन्मला, तिथं हा साधा कामाचा दिवस! कारखान्याचा भोंगा वाजला, बस भरली, दवाखान्यात रांग लागली. मी कुणाला काही बोलले नव्हते. तरी आदल्या रात्री भाकरी थापता थापता तुम्ही म्हणालात, "उद्या तुझा सण ना? रजा टाक. ओर्लीला सेरह सांभाळील."

"आई, या दिवसांत सण कसला?"

"या दिवसांतच तर पायजे."

पावसात दोन बसगाड्या बदलून आपण याफोला पोचलो. चर्चच्या पायऱ्यांशी तुम्ही थांबलात. "मी आत येणार नाय हो. तू जा. घाई करू नको."

आत सगळे अरब ख्रिस्ती, उपासनाही अरबी भाषेत होती. एक शब्द कळत नव्हता. मी मागच्या बाकावर बसून मराठीत प्रार्थना केली. करता करता मनात आलं, पहिला नाताळही असाच तर होता! गाव आपापल्या गडबडीत, कुणाला पत्ता नाही, धर्मशाळेत जागा नाही, आणि एक परगावची बाई अनोळखी जागी भेदरलेली. चांदणी, भजनं, करंज्या हे सगळं नंतरचं. देवाला यायला सणाचा दिवस लागत नाही, तो कामाच्या दिवशीच येतो. मुंबईत, नगरला इतके नाताळ केले, पण त्याचा अर्थ मला त्या मागच्या बाकावर पहिल्यांदा भिडला.

तेवढ्यात एक म्हातारी नन माझ्या खांद्याला हात लावून हिब्रूत म्हणाली, "बाहेर तुझी आई भिजतेय. मी आत बोलावलं, ती येत नाही. म्हणते, माझी मुलगी आत आहे, तिचं होऊ दे."

मुलगी! हिब्रूत सुनेला वेगळा शब्द आहे, तो तुम्हाला चांगला ठाऊक होता. तुम्ही तो वापरला नाहीत.

मी धावत बाहेर आले. ननबाईंनी तुम्हाला कमानीखाली खुर्ची दिली होती आणि तुमच्या ओठांवर स्तोत्र चालू होतं. "झालं?" तुम्ही विचारलंत. "काय मागितलंस?" मी म्हटलं, शमू. तुम्ही पदरानं माझेच डोळे पुसलेत आणि म्हणालात, "मी पण तोच मागत होते. बघू आता, दोघी मिळून मागितल्यावर नाय कसं म्हणतो ते!"

परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगितली. तुम्ही प्रत्येक वाक्याला अडवत होता. "भरल्या दिवसांच्या पोरीला एवढं लांब नेलं? सासू कुठं होती तिची? सुईण कोण होती?" मी म्हटलं, सुईणीचं काही लिहिलेलं नाही. "नसलं लिहिलेलं तरी असणार गो कोणीतरी. शेजारची बाई धावली असणार. मरियम आमच्यातलीच ना? मग आमच्या बायका तिला एकटी सोडतील?" आई, तेव्हापासून मी गोठ्याचं चित्र पाहिलं, की त्यात मला बाह्या वर सारलेली एक कोकणातली म्हातारी दिसते. काय करू?

शमू हिवाळा सरता सरता आला. एका कानानं ऐकू येईना, पण आपल्या पायांनी जिना चढून आला. तुम्ही एलियाहू हानबीचा, तुमच्या एलिया संदेष्ट्याचा, नवस बोलला होता. नवसाचा गोड पोह्यांचा मलिदा करायला बसलात, तेव्हा नारळ खवायला मला हाक मारलीत. सेरहबाई आणि सगळ्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर तुम्ही पोह्यांची परात माझ्यापुढे सरकवलीत आणि मोठ्यानं म्हणालात, "ही येशूला मानते. माझा पोरगा हिच्या पण प्रार्थनेनं आलाय." सेरहबाई एवढंच म्हणाल्या, "खोबरं जरा बारीक खव."

त्यानंतर दरवर्षी याफो! आणि दरवर्षी तुम्ही बाहेर. एवढाच राग आहे माझा तुमच्यावर. गुडघे दुखायचे, वारा बोचायचा, तरी उंबरठा ओलांडला नाहीत. एकदा तरी यायचं होतंत हो! नुसतं बाकावर टेकायला! पण मग वाटतं, तुम्ही आत आला असतात तर मी तुम्हाला इतकं ओळखलं असतं का? तुमचा देव तुम्ही तसूभर हलू दिला नाहीत, आणि माझ्या देवासाठी पावसात बसलात. त्याला प्रेम म्हणतात, हे मला कुठल्याही पाळकानं इतकं नीट शिकवलं नव्हतं.

शेवटी हॉस्पिटलात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझ्या त्याला सांग, म्हातारीला फार लोळवू नको." मी सांगितलं, आई. त्यानं ऐकलं. पण इतक्या लवकर ऐकेल असं मला वाटलं नव्हतं.

काल ओर्लीनं विचारलं, नेहमीसारखं हिब्रूतच, "इमा, आजी यहुदी, तू ख्रिस्ती. मग मी कोण?" बारा वर्षांची होईल आता. तुम्ही म्हणाला होतात तसा तो प्रश्न दारात येऊन उभा राहिला. आधी मला वाटलं, तुम्ही असतात तर काहीतरी चटकन बोलला असतात. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "मला ठाऊक नाही ग. तुला विचारायला अजून पुष्कळ वेळ आहे, आणि मी इथंच आहे."

आई, तुम्हाला शब्द देते. मी तिला माझ्याकडे ओढणार नाही आणि तुमच्याकडे जाताना अडवणार नाही. तिनं रब्बीकडे जायचं ठरवलं, तर तिचा हात धरून मीच घेऊन जाईन. तिथं कुणी विचारलं, आई कोण, तर मी पुढं होऊन सांगेन, मी.

तुमची,
मार्था