‘कामी आले’

प्रिय अजेय,

रागावलेय, म्हणून फोन करत नाही. फोनवर तू हसून विषय बदलतोस आणि ताई असल्यामुळे मी विरघळते.

सराव परीक्षेचे आमच्या शाळेचे इतिहासाचे पेपर तपासायला तुझ्याकडे खोपोलीला आले. ‘युद्धाचे समाजावर झालेले परिणाम’ या प्रश्नाला माझ्या वर्गातल्या भाग्यश्रीने लिहिलं, ‘युद्धात हजारो पुरुष कामी आले. त्यामुळे घरात मजुरी आली. पण पुरुष लांब गेल्याने शेती बायकांवर पडली, पोरांची शाळा सुटली. आमच्या वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात तेव्हा असंच होतं.’ तू शून्य दिलंस. तेवढ्यावर थांबला असतास तर मी भांडून गप्प बसले असते. पण तू त्या पानाचा फोटो नावासकट तुझ्या क्लासच्या ग्रुपवर टाकलास, खाली हसरे चेहरे.

एक शब्द चुकला तिचा, मान्य. ‘कामी’ म्हटल्यावर तिला मजुरीच आठवणार, मरण कुठून आठवेल? पण बाकीचं उत्तर बघ. मुद्दा, त्याचं कारण आणि डोळ्यांसमोरचं उदाहरण, हेच मी वर्षभर घसा फोडून शिकवते. तुझी मुलं तू छापून दिलेले मुद्दे ओकतात. ‘स्त्रियांना रोजगाराच्या संधी मिळाल्या.’ अण्णा गेल्यावर आईला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी ती डबा घेऊन कचेरीच्या फाटकातूनच रडत परत फिरली होती. तिलाही संधीच मिळाली म्हणायचं का? मला चीड येते रे तुझी.

तो फोटो फिरत फिरत इथवर आला आणि आता पोरं भाग्यश्रीला रस्त्यात ‘कामी आली, कामी आली’ म्हणून चिडवतात. तिने शाळा सोडलीय. काल मी वाडीवर गेले, तर ती झोपडीतून बाहेरच आली नाही. तिची आई भागी म्हणाली, “बाई, समद्यांनी हसायचंच आसंल तर कशाला धाडू? सोमवारी भट्टीवर नेते तिला.” बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय आणि पोरीचं हॉल तिकीट माझ्या पर्समध्ये पडून आहे.

रविवारी सकाळी कर्जतला ये. वाडीवर जाऊन भागीसमोर तिच्या लेकीची माफी मागायची, सबबी नकोत. काय बोलू म्हणशील, तर हे सांग. कारगिलहून निरोप आला तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. सगळे म्हणत होते, अण्णा कामी आले. तू दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतास, काम संपल्यावर अण्णा घरी कधी येणार. घर माणसांनी भरलेलं होतं, अजेय. एकही माणूस हसला नाही.

तुझीच,
सुचेताताई