ओळखीच्या दगडावर जस्त

३ मार्च
जस्त! आणि तेही आमच्या ओळखीच्या दगडावर! आयफेलच्या डोंगरातल्या दगडाची ही काळी तबकडी म्हणजे यंत्राची परीक्षा — तिच्यात काय काय आणि किती आहे, आम्हाला तोंडपाठ. क्ष-किरण मारायचे, यंत्रानं बरोबर उत्तर द्यायचं. आज आलेखात जस्ताचं हे एवढं शिंग! आठवड्याभरात यंत्राचं झाकण बंद व्हायचंय, मग स्वारी निघाली मंगळावरचे दगड ओळखायला.

४ मार्च
आमच्या प्रमुख फ्राऊ ब्रेडेन सगळ्यांना उभं करून — "तबकडीला हात कोणी लावला?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग फोल्कमार. "मीच. हातमोजे घालायचे राहिले."

फोल्कमार! अकरा वर्षं घालून ज्यानं हे यंत्र जुळवलं, मला पेचकस धरायला शिकवलं, तो! बाई म्हणाल्या, "उद्यापासून आत यायचं नाही. शेवटचा स्क्रू यूटा पिळेल." म्हणजे मी! यंत्र जो बांधतो तोच शेवटचा स्क्रू पिळतो, ही इथली रीत. जूनमध्ये तो निवृत्त होतोय, पुन्हा यंत्र कुठलं त्याच्या नशिबी! फार वाईट वाटलं. रागही आला — एवढा जाणता माणूस आणि मोजे विसरतो?

कँटीनमध्ये मसुराचं सूप ओरपत मलाच समजावतो, "अगं पोरी, तोंड का पाडलंस? स्क्रूच तो. कोणीही पिळला तरी बसतो."

५ मार्च
तबकडी घासली, पुन्हा मोजली. जस्त गायब. फोल्कमार दिवसभर बाहेर बाकावर.

७ मार्च
सकाळी घरी माझ्या बाळाचं ढुंगण लाल झालं म्हणून मलम लावत होते. आठवडाभर हेच चाललंय. नळीवरचं सहज वाचलं — जस्त! साबणानं धुतलं तरी हाताला चिकटून राहतं मेलं. आणि त्याच हातांनी मी मोजे चढवते, बाहेरून ओढून ओढून, आणि मग तबकडी उचलते!

एका फुटक्या तबकडीवर बोट टेकवून मोजलं. तेच शिंग, त्याच जागी.

फोल्कमारला गाठलं. बोलता बोलता रडूच आलं. तो म्हणाला, "माहीत होतं. तुझ्या मोज्यावर पांढरा डाग दिसला होता मला."

मग बोलला का नाहीस?

"तुझा करार याच महिन्यात संपतोय. माझं आता काय वाकडं करणार त्या? गप्प बस आणि उद्या स्क्रू पिळ."

८ मार्च
सकाळी नऊला फ्राऊ ब्रेडेनना सगळं सांगितलं. माझा करार वाढणार नाही. दहाला शेवटचा स्क्रू फोल्कमारनं पिळला. मी काचेबाहेर उभी होते. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला — बहुधा "मूर्ख पोरगी!"