राजेसाहेबांची मागच्या दाराची भेट

आटपाडी, ता. १२ जानेवारी १९७२

चि. राजारामास आक्काताईचा आशीर्वाद. क्षेम आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिते. तसं काही नाही.

शिरवळच्या जत्रेतलं तुझं नाटक तुझे दाजी बघून आले. एकेक पुढारी राजेसाहेबांना एकांतात भेटतो, बाहेर शिव्या देणारा आत मुजरा घालतो, इथवर ठीक. पण राजाला पाठ दाखवायची नाही म्हणून मागं मागं सरकताना तिसरा पुढारी उंबऱ्याला अडखळून पडतो, हुजरे हसतात, हे तुला सुचलं कसं? ती स्वतःची फजिती ह्यांनी फक्त मला सांगितली होती आणि मी माहेरी फक्त तुला. तेव्हापासून हे माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

तो प्रवेश काढून टाक. मुलांना आशीर्वाद.

तुझी आक्का

शिरवळ, ता. २० जानेवारी

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं आणि झोंबलं.

नाटकात दाजींचं नाव नाही, गाव नाही. राजांचे तनखे बंद करा म्हणून चौकात घसा फोडायचा आणि मतांसाठी मागच्या दारानं राजवाड्यात शिरायचं, असले पुढारी गावोगाव आहेत. लोक त्याच प्रवेशाला हसतात. तो काढला तर नाटकात उरतं काय? पाण्याचं म्हणशील, तर तहान लागली की घेतील.

रागासकट लोभ असू द्यावा.

राजाराम

आटपाडी, ता. ३ फेब्रुवारी

चि. राजारामास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ह्यांचा राग गेला. कार्यकर्ते सांगत आले की पडणारा पुढारीच लोकांना आवडतो. गावासाठी बिचारा राजापुढं वाकला म्हणतात. काल जेवताना हे म्हणाले, "तुज्या भावाला लिव्ह, नाटक हितं लाव म्हणावं. मंडपाचं मी बगतो." आणि मी दिलेलं पाणी प्याले. ज्यांना उघडं पाडायला निघालास, त्यांच्याच प्रचाराला आता तुझं नाटक.

तुला ह्यांनी माफ केलं, मी नाही. मी रडत रडत भावाला सांगितलं होतं, तू ते चारचौघांना हसायला दिलंस. खुशाल ये, नाटक लाव, चावडीत उतर. माझी पायरी चढू नकोस. येत्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळीन.

आक्काताई