बाजाराच्या दिवशी एक गोळी

सर, तुम्ही मला नापास केलंत तो दिवस मी कुणालाच कधी नीट सांगितलेला नाही. आज तुम्हालाच सांगते.

दुसऱ्या वर्षाची, मेडिकल कॉलेजातली तोंडी परीक्षा होती. औषधशास्त्राचं पुस्तक मला मुखोद्गत होतं. तुम्ही सांधेवातावरच्या मेथोट्रेक्झेटच्या गोळीबद्दल विचारलंत आणि मी मात्रा, परिणाम, दुष्परिणाम सगळं इंग्रजीत धडाधड सांगून टाकलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "माझी माय डोणगावात राहते. तिले इंग्रजी येत नाही. ही गोळी घ्यायची कशी, ते तिले कसं सांगशील?" मी सुलतानपूरची. अब्बा तिथे कपडे शिवायचे. 'मले-तुले' म्हटलं की होस्टेलच्या मुली हसायच्या, म्हणून ती बोली मी केव्हाच गुंडाळून ठेवली होती. मी म्हणाले, "सप्ताहातून एक वेळा सेवन करावी." तुम्ही विचारलंत, "कोणत्या दिवशी?" मी पुन्हा मात्राच सांगू लागले. तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत आणि मान वर न करता म्हणालात, "दिवस नाही सांगितला, म्हणजे औषधच नाही सांगितलं. पुन्हा द्यावी लागेल परीक्षा."

सुट्टीत घरी गेले तर अब्बांनी मशीन थांबवलं. "पोरी, तुले सगळं येत होतं म्हन्तेस, मंग नापास कशी? चल, विचारून येऊ." मला लाज वाटत होती, तरी गेले. मेहकरला बस बदलून आम्ही डोणगावला तुमच्या घरी पोचलो तेव्हा सुट्टीला आलेले तुम्ही चुलीपाशी बसून जेवत होतात आणि तुमच्या आई भाकरी थापत होत्या. आम्ही दारातच थबकलो. "बाहेर काऊन उभे? आत या, इथंच बसा," असं म्हणून त्यांनी आमच्यापुढेही ताटल्या सरकवल्या. अब्बांनी विषय काढला, फार नरमाईनं. तुम्ही काही बोलायच्या आतच आई म्हणाल्या, "हा डॉक्टर हाये म्हन्तात, पन यानं कोनाले सुई टोचलेली लोकायनं पाह्यली नाही. लोक मले इचारतात, तुमचा पोरगा कोनाले बरं करते? म्या काय सांगू?"

मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही हात धुतलेत आणि सांगायला लागलात. नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही एका खेड्यातल्या दवाखान्यात होतात. सांधे धरलेली एक बाई शहरातल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी फाटली होती, म्हणून तुम्ही ती नव्यानं लिहून दिलीत आणि तोंडानं म्हणालात, "हप्त्याले एक." बाईनं मान हलवली. पुढे गर्दी होती. लवकर बरं वाटावं म्हणून तिनं ती गोळी रोज घेतली. तोंड फोडांनी भरलं, पाणीसुद्धा गिळता येईना. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. "चिठ्ठीवर माझी सही होती," तुम्ही म्हणालात. चौकशीत कुणी तुम्हाला दोष दिला नाही. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "तिच्या घरी म्या गेली होती, याच्या संगं. म्या म्हनलं, एक डाव चुकलं तं चुकलं. यानं ऐकलं नाही. मास्तर झाला."

 अब्बा ताटली बाजूला सारून म्हणाले, "सर, तिले आता विचारा. इथंच." तुम्ही आईंकडे बोट दाखवलंत. मी त्यांच्यासमोर सरकून बसले आणि कितीतरी महिन्यांनी आमच्या बोलीत बोलले. "आजी, ही गोळी बाजाराच्या दिवशी घ्यायची. एकच. बाकी कोन्त्याच दिवशी नाही. दुखलं तरी नाही." तुम्ही म्हणालात, "आता तिच्याकडून म्हणवून घे." आई म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी एक. दुखलं तरी दुसरी नाही." तुम्ही मान हलवलीत. मार्क मात्र बदलले नाहीत.

त्यानंतर तुम्ही तेच करत राहिलात. औषधं वाटायच्या खिडकीशेजारी बाकडं टाकून विद्यार्थ्यांना बसवायचात आणि पेशंटनं स्वतःच्या तोंडानं परत सांगितल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही, असा दंडक केलात. इतर विभागांतले प्राध्यापक चेष्टा करायचे, "औषधशास्त्र शिकवतात की बालवाडी चालवतात?" तुम्ही निवृत्त होईपर्यंत ते बाकडं कुणी हलवलं नाही. आता हे सगळं अभ्यासक्रमात आलं आहे, सर. छापील तक्ता आहे. 'दिवस सांगितला', टिक. 'परत म्हणवून घेतलं', टिक. परवा माझ्या वर्गातला एक मुलगा पेशंटच्या तोंडाकडे न बघता खुणा करत गेला. मी त्याच्या हातातून तक्ता काढून घेतला आणि म्हटलं, "आता सांग." तो घाबरला. मी नंतर तुमच्यासारखी शांत राहू शकले नाही, ओरडले. ते मला शोभलं नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट खरी लिहिते. मी तुमच्या विभागात रुजू झाले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत, आणि पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात की या मुलीनं माझा विषय आपणहून निवडला. सर, एमबीबीएसनंतर पुढच्या शिक्षणाला मला मेडिसिन हवं होतं. ते मिळालं नाही, तुमचा विषय उरला होता. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश परीक्षेचा फॉर्मही भरला होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्रावर जायला निघाले आणि तिकडे न जाता तुमच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर तुम्ही विचारलंत, "आज इकडं कशी?" मी म्हणाले, "सहज."

ते खरं नव्हतं, सर. त्या दिवशी मी तुमचा विषय आपणहून निवडला.